कॅलेंडरवरच्या ८१ चौकटी

दसरा झाला की आमच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘‘डॉक्टर, हे वर्ष तर आता गेलंच. एक तारखेपासून बघा, सगळं कसं नियमित करतो!’’ कोणाला वजन उतरवायचे असते, कोणाला पहाटे फिरायला जायचे असते, कोणाला बिडी सोडायची असते. एक तारीख म्हणजे अर्थातच एक जानेवारी. मधल्या काळात दिवाळीचा फराळ होतो, लग्नांची जेवणे होतात, शेतावर हुरडा होतो. मग एकतीस डिसेंबरचे जागरण होते आणि एक जानेवारीला मंडळी उशिरा उठतात. संकल्पाचा पहिलाच दिवस अर्धा वाया जातो.

तीस वर्षांहून अधिक काळ मी हे वाक्य ऐकत आलो आहे. ऐकत आलो म्हणण्यापेक्षा म्हणत आलो, असे म्हणणे जास्त खरे होईल. वाचकहो, या सदरात नेहमी मी माझ्या रुग्णांविषयी लिहितो. आज मात्र माझीच केस मांडणार आहे.

मी तंबाखू खात होतो. हे लिहिताना आजही हात अडखळतो. १९९१ साली इंटर्नशिपला असताना रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून एका वॉर्डबॉयने चिमूटभर तंबाखू मळून हातावर ठेवली. पहिल्यांदा गरगरले, उलटी झाली. चौथ्या-पाचव्या खेपेला गरगरणे थांबले आणि पुढची ३३ वर्षे ती सुटली नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका खणात स्टीलची डबी असे. तिच्या एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुना. दर दीड-दोन तासांनी ‘इंजेक्शन भरून आणतो’ असे सांगून मी आत जाई. इंजेक्शन भरायला एक मिनिट लागते. मला पाच लागत. रुग्णांना हे कळत नसेल, अशी माझी समजूत होती.

ही समजूत एका भाजीवाल्या मावशींनी घालवली. त्या दर बाजाराच्या दिवशी रक्तदाब मोजायला येतात. वर्षानुवर्षे मिश्री लावतात. २०२४ च्या सप्टेंबरात मी त्यांना नेहमीचे प्रवचन दिले, ‘‘मावशी, ती मिश्री आता सोडा. तोंडाला घातक आहे.’’ मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘‘आवं डाक्टर, मला सांगताय खरं, पण तुमच्या तोंडाला बी तोच वास येतोय की!’’

बाकावर बसलेली माणसे हसली. मीही हसलो. खरे तर हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

आरशातला डाग

त्यानंतर आठ-दहा दिवसांत डाव्या बाजूची दाढ ठणकू लागली. आमच्याच गल्लीत एक तरुण दंतवैद्य आहे. वयाने माझ्या मुलाएवढा, मला ‘सर’ म्हणतो. त्याने दाढ पाहिली, मग दिवा जरा वळवला, गालाची आतली बाजू ताणली आणि गप्प झाला. डॉक्टरच्या गप्प होण्याचा अर्थ डॉक्टरला लगेच कळतो.

‘‘सर, किती वर्षं खाताय?’’ त्याने विचारले.

मी नेमकी ज्या जागी चिमूट धरत असे, तिथे पावलीएवढा पांढरा चट्टा होता. बोटाने पुसून तो जात नव्हता. याला वैद्यकीय भाषेत ल्युकोप्लाकिया म्हणतात. असा प्रत्येक चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक चट्टे पुढे कर्करोगात जात नाहीत, पण काही जातात. कोणता जाईल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून छोटासा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. तसा तो काढला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला.

अहवाल यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी पत्नीला काहीही सांगितले नाही. रात्री सगळे झोपल्यावर न्हाणीघरात जाऊन टॉर्च लावून आरशात गाल पाहत असे. इतरांना ‘काळजी करू नका, अहवाल येऊ द्या’ असे मी किती सहज सांगत आलो, हे तेव्हा जाणवले.

आणि एक चेहरा सारखा आठवत होता. आमच्या बाजारपेठेत एक शिंपी होते. माझे शर्ट तेच शिवत. त्यांच्या तोंडातही असाच चट्टा मी पाहिला होता. ‘तंबाखू सोडा’ एवढे सांगून मी त्यांना परत पाठवले होते. दोन वर्षांनी ते आले तेव्हा जखम झाली होती. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, अर्धा जबडा काढावा लागला. पुढे दीड वर्षाने ते गेले. त्यांना मी ‘सोडा’ म्हणालो होतो, पण कशी सोडायची हे सांगितले नव्हते. तपासणीसाठी पुढे पाठवायला हवे होते, तेही केले नव्हते. आणि ‘सोडा’ म्हणालो तेव्हाही माझ्या गालात चिमूट होतीच.

१० ऑक्टोबर २०२४ ला अहवाल आला. कर्करोग नव्हता, पण पेशींमध्ये सौम्य स्वरूपाचा बदल दिसत होता. दंतवैद्य म्हणाला, ‘‘सर, तंबाखू बंद केली तर हा चट्टा कमी होण्याची चांगली शक्यता आहे. आपण ३१ डिसेंबरला पुन्हा पाहू. तोवर कमी झाला नाही तर पुन्हा तुकडा काढू.’’

दोन दिवसांवर दसरा होता.

पाचातले चार खोडले

घरी येऊन पत्नीला सगळे सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग मीच उत्साहाने कागद घेतला आणि संकल्प लिहिले. तंबाखू बंद, सहा किलो वजन कमी, पहाटे चार किलोमीटर चालणे, चहातली साखर बंद, रात्री साडेदहाला झोप. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिने कागद पाहिला, पेन घेतले आणि खालचे चार संकल्प खोडले.

‘‘अहो, पहिलीच्या पोरांना मी एका वेळी एकच पाढा देते,’’ ती म्हणाली. ‘‘पाच दिले तर एकही येत नाही.’’

पुढचे अडीच महिने मी चहात दोन चमचे साखर घातली, वजन तर तीन किलोने वाढले आणि ते मी मुकाट्याने वाढू दिले. कारण मनाची ताकद ही खिशातल्या पैशांसारखी असते. पाच दुकानांत थोडी थोडी खर्च केली तर कुठलीच वस्तू पदरात पडत नाही. मोठे काम असेल तर ते एकच घ्यावे आणि बाकीच्यांना ‘नंतर या’ म्हणून सांगावे.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. १२ ऑक्टोबरला सकाळी मी ती स्टीलची डबी घासून पुसून आमच्या कंपाउंडरच्या हाती दिली आणि सांगितले, ‘‘यात आता टाचण्या ठेवा.’’ बावीस वर्षे तो माझ्याकडे आहे. पुड्या तोच आणून द्यायचा. त्याने डबीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘साहेब, नक्की ना?’’

मग मी कालनिर्णय समोर घेतले आणि १२ ऑक्टोबरपासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या चौकटी मोजल्या. ८१ भरल्या. ‘आयुष्यभर तंबाखू खाणार नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हते. आयुष्यभर म्हणजे किती, हे मनाला कळतच नाही. पण ८१ चौकटी डोळ्यांना दिसत होत्या. रोज रात्री झोपताना एका चौकटीत निळ्या पेनाने बरोबरची खूण करायची, एवढेच काम.

एक जानेवारी का नको?

काही वाचक म्हणतील, नव्या वर्षाची सुरुवात काय वाईट? सुरुवातीला तारीख असणे चांगलेच. पण एक जानेवारीचा संकल्प ऑक्टोबरात केला की तो संकल्प राहत नाही. ती आजच्या चिमटीला दिलेली परवानगी होते. ‘नाहीतरी एक तारखेपासून बंदच करायची आहे’ म्हणून माणूस दोन पुड्यांच्या जागी तीन खातो. मी स्वतः १५-१६ वर्षे असेच केले आहे. म्हणून एक जानेवारी आरंभाची तारीख न ठेवता, एकतीस डिसेंबर ही पोहोचण्याची तारीख ठेवावी.

दुसरे म्हणजे, अडीच-तीन महिने हा शरीराच्या हिशेबानेही चांगला काळ आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला. तो २०१० साली छापून आला. एखादी नवी सवय विचार न करता, आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात, असे त्यात दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. हा अभ्यास चांगली सवय लावण्याचा होता, व्यसन सोडण्याचा नव्हे. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असे जे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नये.

मधुमेहींना माहीत असलेले उदाहरण घ्या. एचबीए१सी ही तपासणी आपल्या मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. म्हणजे आज पथ्य सुरू करणाऱ्याला वर्षअखेरीच्या तपासणीत त्याचे फळ दिसू शकते. आजपर्यंतचे नऊ महिने गेले तरी शरीर मागचा राग धरून बसत नाही.

पहिला आठवडा

आता खरी गोष्ट सांगतो. पहिले तीन दिवस अत्यंत वाईट गेले. डोके जड, हाताला चाळा, मन कशात लागेना. पंखा लावला म्हणून मी कंपाउंडरवर ओरडलो आणि बंद केला म्हणूनही ओरडलो. रुग्ण ‘डॉक्टरांना बरं नाही वाटतं’ असे कुजबुजत होते. निकोटिन बंद झाल्यावर हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पुस्तकात हे मी पूर्वीच वाचले होते. स्वतःच्या अंगावर आल्यावर ते नव्याने समजले.

तिसऱ्या दिवसापासून दुसरी तक्रार सुरू झाली. ‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ असे रुग्ण सांगतात तेव्हा मी ते निमित्त समजत असे. ते निमित्त नाही. निकोटिन आतड्यांना चालना देते, त्यामुळे ते बंद झाले की काही दिवस बद्धकोष्ठ होते. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी आणि काकडी-गाजर, आणि वीस मिनिटे चालणे, एवढ्यावर माझे पोट दहा-बारा दिवसांत मार्गावर आले. ही एक गोष्ट आधी सांगितली तर कितीतरी लोक चौथ्या दिवशी परत तंबाखूकडे वळणार नाहीत.

तलफ म्हणजे काय, हेही मी घड्याळ लावून पाहिले. ती आली की वाटते, आता ही दिवसभर छळणार. पण ती लाटेसारखी येते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा असतो. त्यासाठी मी चार ‘जर-तर’ कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. जेवण झाल्यावर तलफ आली तर लगेच दात घासायचे. दवाखान्यात आली तर मागच्या खोलीत न जाता पाणी पिऊन पुढचा रुग्ण बोलवायचा. प्रवासात आली तर भाजलेली बडीशेप किंवा लवंग. आणि कोणी चिमूट पुढे केली तर ‘तोंडात जखम आहे’ असे स्पष्ट सांगायचे. वेळेवर विचार करायला गेलो की तलफ जिंकते. म्हणून विचार आधीच करून ठेवावा.

मी त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टीही आठ आठवडे वापरली. यात कमीपणा काही नाही. निकोटिनचे च्युइंग गमही मिळते. ते नेहमीच्या गमसारखे सारखे चघळायचे नसते. थोडे चावून जिभेला झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचे, झणझण गेली की पुन्हा थोडे चावायचे. आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

एक मोठी चूक टाळा. तंबाखू सोडून अनेकजण सुपारी धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूप्रमाणेच नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले आहे. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठर होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी आणि साधी तंबाखू कोपऱ्यावरच्या टपरीत मिळतेच. तेव्हा बंदीच्या भरवशावर न राहता आपला बंदोबस्त आपणच करावा.

रिकामी राहिलेली चौकट

बेचाळीस दिवस निळ्या खुणा झाल्या. दिवाळीही पार पडली. मला वाटू लागले, जिंकलो.

२३ नोव्हेंबरला विधानसभेच्या निवडणुकीचा निकाल होता. शनिवार होता, रुग्ण कमी होते. एका मित्राच्या दुकानात आठ-दहा जण टीव्हीसमोर बसलो होतो. कोण पुढे, कोण मागे, आरडाओरडा चालला होता. शेजारच्याने तंबाखू मळली, झटकली आणि नेहमीच्या सवयीने तळहात सगळ्यांपुढे फिरवला. टीव्हीवरची नजर न काढता मी चिमूट उचलली आणि गालात ठेवली. चव कळेपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली. उठून बाहेर जाऊन थुंकलो, चूळ भरली. पण मनात लगेच आले, ‘मोडलं ना आता! मग आज खाऊन घे. सोमवारपासून पुन्हा पाहू.’

वाचकहो, ती एक चिमूट धोक्याची नव्हती. त्यानंतर आलेला हा विचार धोक्याचा होता. माझे आधीचे सगळे संकल्प याच विचाराने बुडाले होते.

घरी आलो आणि पत्नीला सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. तिने कालनिर्णयकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘आजची रिकामी ठेवा. उद्याचीही रिकामीच आहे. ती भरायची की नाही, ते तुम्ही ठरवा.’’

दुसऱ्या दिवशी रात्री मी खूण केली. मोजणी पहिल्यापासून सुरू केली नाही, आणि रिकाम्या चौकटीत खोटी खूणही केली नाही. महिनाभर मात्र त्या दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवले नाही. मित्र रागावला, त्याला कारण सांगितले. आता मी गेलो की तो स्वतःच तंबाखूची पुडी खाली ठेवतो.

एकतीस डिसेंबर

३१ डिसेंबरला सकाळी दंतवैद्याकडे गेलो. खुर्चीत बसल्यावर माझे हात थंड झाले होते. त्याने दिवा वळवला, गाल ताणला, मोजपट्टी लावली. चट्टा निम्म्याहून कमी झाला होता आणि फिकटही झाला होता. मार्चपर्यंत तो दिसेनासा झाला. तरी दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्यायचे असे ठरले आहे आणि मी ते पाळतो. प्रत्येकाचा चट्टा असा जाईलच असे नाही. काहींना तो काढून टाकावा लागतो. म्हणून ‘तंबाखू सोडली, आता तपासणी कशाला?’ असे कोणी म्हणू नये.

त्याच दिवशी मावशी आल्या. मंगळवार होता, बाजाराचा नव्हता, मुद्दाम आल्या होत्या. दसऱ्यानंतर मी त्यांना माझा बेत सांगितला होता आणि त्यांनीही मिश्री कमी करते म्हणून शब्द दिला होता. भिंतीवरचे कॅलेंडर मी त्यांना दाखवले. त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळ्या खुणा पाहिल्या आणि बरोबर त्या रिकाम्या चौकटीवर थांबल्या. ‘‘ह्ये काय वो?’’ मी खरे ते सांगितले. मावशी म्हणाल्या, ‘‘मग खरं हाय. समद्या भरल्या असत्या तर माझा इस्वास बसला नसता.’’ मावशींची मिश्री दिवसातून चार वेळांवरून एकदावर आली आहे. ती एक वेळ अजून सुटलेली नाही. आमचे प्रयत्न चालू आहेत.

माझ्या दोन पुड्यांचे रोजचे वीस रुपये मी एका डब्यात टाकत होतो. ८१ दिवसांचे १६२० रुपये झाले. त्यातून दवाखान्याच्या दाराशी एक मोठा आरसा आणि वर एक दिवा लावला. येणारा प्रत्येक तंबाखू खाणारा रुग्ण आता आधी तिथे उभा राहून तोंड उघडतो.

वाचकांसाठी

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती, आणि धूर न काढता खाणारी किंवा लावणारीच २४.४ टक्के होती. म्हणजे साधारण चौघांत एक. हा लेख ज्या घरात वाचला जाईल, त्यातल्या बऱ्याच घरांत तो एक जण असणार. त्याने आज एवढे करावे.

आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहावे. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये सहज जातात का ते पाहावे. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, किंवा तिखट सहन न होणे यांपैकी काही असेल तर लगेच डॉक्टर किंवा दंतवैद्याला दाखवावे. या अवस्थेत सापडलेले दुखणे आटोक्यात येते.

मग येत्या आठवड्यातली एक तारीख ठरवावी. घरातल्या एका माणसाला सांगावे. घरातल्या, खिशातल्या, गाडीतल्या पुड्या त्याच दिवशी काढून टाकाव्यात. तारखेपासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. आपल्या चार अडचणीच्या वेळा ओळखून चार ‘जर-तर’ लिहावेत. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे समुपदेशक बोलतात.

ज्यांना तंबाखूचे व्यसन नाही त्यांनी आपले एक काम निवडावे. वजन उतरवायचे तर आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे. चालायचे तर आज पंधरा मिनिटांनी सुरुवात करावी. पण दोन इशारे देतो. जे रोज भरपूर दारू पितात, त्यांनी संकल्पाच्या भरात ती एकाएकी बंद करू नये. त्यातून झटके, भ्रम असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सोडावी. आणि मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणे हा संकल्प कोणी करू नये.

माझ्या शिंपी मित्राला मी ‘सोडा’ एवढेच म्हणालो होतो. कशी सोडायची ते आज, उशिरा का होईना, लिहिले आहे. कॅलेंडर भिंतीवरून खाली घ्या, आणि जेवढ्या चौकटी उरल्या असतील तेवढ्या मोजा.